सातवा राजा आणि तुझा निळा स्कर्ट

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी एक अंग सध्या पोलादात अडकलेलं असल्यामुळे तूर्त सातांचाच मानून घ्यावा, आठव्याचा डॉक्टरांच्या परवानगीने मागाहून पाठवतो.) तुझा रक्तदाब, भाऊजींचे गुडघे आणि पँटींच्या कारखान्यातली ती खोकणारी काजाची मशीन, तिघांच्याही प्रकृतीला उतार असेल अशी आशा आहे.

आता तक्रार. माणसाने चाक शोधलं, शून्य शोधलं, चंद्रावर जाऊन दगड वेचून आणले, पण स्कर्टला खिसा असावा हे आजवर एकाही विद्वानाला सुचलेलं नाही. चष्म्याचं घर, पेन्सिल, रुमाल आणि दालनाची किल्ली ही माझी चार रत्नं गेले सोळा दिवस अनाथ आहेत. किल्ली गळ्यात, रुमाल बाहीत, पेन्सिल कानावर, आणि चष्म्याचं घर मी रोज निराळ्या ठिकाणी विसरतो. बायका भल्यामोठ्या पर्समध्ये हात घालून पाच-पाच मिनिटं किल्ली चाचपडत असत तेव्हा मी आयुष्यभर गालातल्या गालात हसलो. ते सगळं हसू मी या पत्राद्वारे बिनशर्त परत घेतो.

स्कर्टच्या खिशाशी माझा संबंध काय, असं तू विचारशील. संबंध असा, की तो मी घातला आहे. शिवाय तो तुझा आहे. लगेच डोळे वटारू नकोस, क्रमाने सांगतो.

पंचवीस वर्षं मी संग्रहालयातल्या राजदालनात उभा राहून एकोणीस दगडी राजांची थोरवी गातो, हे तुला ठाऊक आहेच. दीड महिन्यापूर्वी चौदाव्या राजाची उभं राहण्याची ऐट लोकांना करून दाखवताना मी एक पाऊल मागे घेतलं. मागे दोन पायऱ्या होत्या. (त्या तिथे संग्रहालय बांधल्यापासून आहेत. ‘सांभाळून उतरा’ असं रोज मीच सांगतो.) नडगी दोन ठिकाणी मोडली. डॉक्टरांनी पायाभोवती तीन पोलादी कडी बसवली, अकरा सळया हाडात घातल्या आणि चार महिने कुबड्या घेऊन चाला म्हणाले. कडी पायापासून चार-चार बोटं बाहेर आहेत. तुझ्या हातच्या पँटी घालून निम्मं गाव फिरतं, पण या पायावरून जाईल अशी पँट तूही शिवू शकणार नाहीस. शिवण उसवून पाहिली. कापड सळयांत अडकलं, आणि ते सोडवताना माझ्या तोंडून जे शब्द गेले ते कुठल्याही कोशात सापडायचे नाहीत. मग लुंगी. दोन्ही हात कुबड्यांवर असलेल्या माणसाने लुंगीवर भरवसा ठेवू नये, एवढंच सांगतो. पलंग ते मोरी या टप्प्यात ती तीनदा सुटली.

घरी बसावं, तर तिकडे आमच्या साहेबांनी नवं कानयंत्र आणलेलं. लोकांनी ते कानात घालायचं, बटण दाबायचं, की एक बाई बोलू लागते. छान बोलते, पण कुणी जांभई दिली तरी थांबत नाही. याची चाचणी माझ्याच दालनात, मी नसताना. साहेब घरी येऊन म्हणाले, पँट घालता येऊ लागली की दालनात या. तोवर तळघरात बसून पाट्या लिहा. चार महिन्यांनी दालनात माझ्यासाठी जागा उरली नसती हे त्यांना कळत होतं, मला कळत होतं, आणि ते चहा अर्धा टाकून उठले त्यावरून ते त्यांना टोचतही होतं.

ते गेल्यावर तुझ्या भावजयीने आईची ट्रंक उघडली. तुझ्या तिकीट कार्यालयाच्या गणवेशाचा तो निळा, चुण्यांचा, काठाला पिवळी पट्टी असलेला स्कर्ट. तू तो बाबांच्या नकळत तीन दिवस घातलास. चौथ्या दिवशी बाबांनी तो ट्रंकेत टाकून कुलूप घातलं, त्याच कुलपात नोकरीही गेली. बाबांचे कान समोरच्या खिडकीवाल्या काकूंनीच भरले असं धरून तू त्यांच्याशी जे बोलणं टाकलंस, ते आज चाळीस वर्षं. (त्याबद्दल पुढे.) भावजयीने कमरेत वीतभर इलॅस्टिक घातलं (तुझी विशीतली कंबर आणि माझी पन्नाशीतली, यांचा समास होईना) आणि म्हणाली, “घाला. बाकी सगळं करून झालंय.”

सोमवारी निघालो. तुझ्या पोटरीपर्यंत येणारा स्कर्ट माझ्या जेमतेम गुडघ्याखाली पोचतो, त्यामुळे इतकी वर्षं सार्वजनिक जीवनापासून अलिप्त राहिलेल्या माझ्या पोटऱ्या एकदम लोकांसमोर आल्या. रस्त्याने जाताना एक शोध लागला: बायका विचारतात पायाला काय झालं, आणि पुरुष विचारतात पँटला काय झालं. शेजारचे बँकवाले तर विचारायलाही थांबले नाहीत. भिंतीवरची जाहिरात वाचत माझ्यासमोरून गेले. (भिंतीवर जाहिरात नव्हती.) संग्रहालयाच्या दारावरचा पहारेकरी, ज्याला आम्ही सुभेदार म्हणतो, त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सलाम ठोकला. एरवी तो मला सलाम करत नाही. तिकीट खिडकीतल्या बाईंनी मात्र खिडकी बंद करून मला आत घेतलं आणि दहा मिनिटांची शिकवणी दिली: बसण्याआधी मागून हात कसा फिरवायचा, जिन्यात वारा आला तर कोणत्या बाजूने वळायचं, वाकायचं कधी नाही. बारा वर्षं शास्त्री मास्तरांच्या हाताखाली काढली, पण इतकी उपयुक्त विद्या तिथे मिळाली नव्हती.

साहेबांनी मला पाहिलं आणि दार लावून घेतलं. लोक काय म्हणतील, हा प्रश्न त्यांनी चार प्रकारे विचारला. मी शांतपणे म्हणालो, साहेब, दालनात एकोणीस राजे आहेत, यातल्या एकाने तरी पँट घातली आहे का? त्यावर त्यांनी बराच वेळ पेपरवेट फिरवला. शेवटी तोडगा निघाला. गुरुवारी निवृत्त इंजिनियरांचा गट येणार होता. तो एकच गट मला. एक जरी तक्रार आली तर मी तळघरात, आणि दालन कायमचं कानयंत्राला.

गुरुवारी तेवीस जण आले, सगळ्यांच्या कानात यंत्र. पहिल्या राजापासूनच कुजबुज सुरू. त्यात एक उंच गृहस्थ होते, पूल बांधण्यात हयात गेलेली. त्यांनी यंत्र कानातून काढलं, पण ते मला ऐकायला नव्हे.

“काय हो, हा स्कर्टसुद्धा उत्खननात सापडला का?”

तेवीसही जण हसले. मी म्हणालो, हो, आईच्या ट्रंकेच्या तळाशी, साधारण चाळीस वर्षांचा थर. पुन्हा हसले, पण या वेळी माझ्या बाजूने. तेवढंच बळ घेऊन पुढे सरकलो.

सातव्या राजापाशी मी दमलो. ताई, हा सातवा राजा म्हणजे आमच्या दालनाचं अवघड जागेचं दुखणं. त्याच्या वस्त्राच्या चुण्या एका बाजूला कमरेपासून ताणलेल्या, दुसऱ्या बाजूला सैल, सरळ खाली सुटलेल्या. पाटीवर लिहिलंय: ‘शिल्पकार नवखा असावा.’ पंचवीस वर्षं मीही तेच सांगत आलो आणि त्या बिचाऱ्या कारागिरावर लोकांना हसवत आलो. तर मी सगळा भार चांगल्या पायावर टाकून उभा राहिलो आणि समोरच्या नाण्यांच्या काचपेटीत सहज नजर गेली. पेटीत दोघं दिसत होते, मी आणि माझ्यामागे तो. माझ्या चुण्या चांगल्या पायाच्या बाजूला ताणलेल्या. मोडक्या पायाच्या बाजूला सैल, सरळ खाली सुटलेल्या. त्याच्या तशाच. चूण न् चूण तशीच.

मी काय बोललो ते धड आठवत नाही. बहुधा म्हणालो, की कारागीर नवखा नव्हता. हा राजा लंगडा होता. राजाला लंगडा दाखवण्याची छाती कुणाची होणार? म्हणून त्याने ते वस्त्रात लिहून ठेवलं, आणि पँट घातलेल्या आम्हा पंडितांना ते वाचता आलं नाही.

पूल बांधणारे गृहस्थ पुढे आले. माझ्या स्कर्टकडे निरखून पाहिलं (मी हलणार नाही याची काळजी घेतली), मग राजाकडे. मग पंचाहत्तराव्या वर्षी दोन्ही गुडघे जमिनीला टेकवून त्यांनी आपलं तिकीट राजाच्या उजव्या टाचेखाली सरकवून पाहिलं. गेलं नाही. डाव्या टाचेखाली सरकवलं. अलगद आरपार गेलं. गटाबरोबर आत आलेला सुभेदार खाकरला, कारण मूर्तीला हात लावायला मनाई आहे, पण तोही वाकून बघत होता.

“भार एकाच पायावर आहे,” ते उठत म्हणाले. “हा माणूस बरोबर सांगतोय.”

साहेब धावत आले तेव्हा तेवीसच्या तेवीस यंत्रं लोकांच्या गळ्यांत लोंबकळत होती, त्यांतून ती बाई एकटीच बोलत होती, आणि मी आठव्या राजावर होतो. तक्रार एकच आली, लेखी: दालन लवकर बंद होतं. कानयंत्र आता नाण्यांच्या विभागात गेलं आहे. नाण्यांना कशाचंच सोयरसुतक नसतं. सातव्याची पाटी बदलायचं काम माझ्याकडे आलं. साहेबांनी काल मला बाजूला घेऊन, इकडेतिकडे बघून, उन्हाळ्यात या पेहरावात हवा खेळती राहते का, अशी चौकशी केली. मी राहते म्हणालो. खोटं कशाला बोलू? बँकवाल्यांनीही आज जाहिरात न वाचता पायाची विचारपूस केली.

एकंदरीत तुझ्या स्कर्टने चाळीस वर्षांनी नोकरी केली, आणि तीन दिवसांपेक्षा जास्त टिकला. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
पंडित

ता. क. स्कर्ट रोज धुवावा लागतो आणि वाळेपर्यंत मी चादरीत असतो. तरी याच मापाचा एक काळा शिवून पाठवशील? दोन खिसे, खोल, पँटीला लावतेस तसे. मापं मागच्या पानावर आहेत; कमरेचा आकडा वाचून मोठ्याने हसू नये.

ता. क. २. नवी पाटी पुढच्या महिन्यात लागेल. तू यावंस. त्या दिवशी मी तुझाच निळा घालणार आहे.

ता. क. ३. वर जे जे लिहिलं ते खरं आहे, पण पत्र त्यासाठी लिहायला घेतलं नव्हतं. परवा खिडकीवाल्या काकू मला बघायला आल्या होत्या. ऐंशी उलटली त्यांची, पण पिवळी पट्टी बघताच ओळखली. म्हणाल्या, “मी तेव्हा खिडकीत होते रे. तू फाटकापाशी बाबांना सांगत होतास, ते दिसत होतं मला. एवढासा होतास, म्हणून बोलले नाही कुणाला.”

ताई, मीच सांगितलं. बाबांनी पाठीवर थाप मारली होती आणि ती मला फार आवडली होती. काकूंनी तुझा अबोला माझ्या वाटणीचा सोसला. त्या अजून तुझी चौकशी करतात. पाय बरा होईल, डॉक्टर म्हणतात. हे वाचून तू येशील की नाही, एवढीच काळजी आहे.