भुसावळचं कार्ड

अहो,

निलयला गोवर झाला नाही, त्या दवाखान्याच्या खिडकीने तो दिला. भुसावळहून इथे बदली झाली त्यात राहिलेली लस द्या म्हणून मी त्याला कडेवर घेऊन तीनदा गेले. तिन्ही वेळा एकच, "पुराना कार्ड लाओ." भुसावळचं लसीचं कार्ड सामानात हरवलं म्हटलं तर, "तो हम क्या करें?" आणि तुम्ही म्हणालात, नियम असेल त्यांचा, भांडू नकोस.

आज सकाळपासून त्याला धाप लागलीय. पाणीही गिळत नाही. शेजारच्या भाभीजी म्हणतात, माता आली आहे, औषध देऊ नका, कडुलिंबाचा पाला ठेवा. पाला ठेवला, पण ऑटोही बोलावला. मोठ्या इस्पितळात नेतेय.

शर्वरी भाभीजींकडे आहे, त्यांच्या घरात दुसरं मूल नाही म्हणून. सात महिन्यांची पोर, तिची लस अजून व्हायचीय, आणि चार दिवस निलयच्याच अंथरुणात झोपलीय. अंग गरम लागलं तर घरी वाट बघत बसू नका, तिलाही घेऊन या.

थर्मामीटर शोधताना कार्ड सापडलं. तुमच्या युनिफॉर्मच्या पेटीत, तळच्या वर्तमानपत्राखाली. तुमच्यावर ओरडायचं त्राण नाही राहिलं माझ्यात.

टेबलावर ठेवलंय. येताना वाटेत ते त्या खिडकीत सरकवा आणि विचारा, कार्ड नाही म्हणून लस अडवलीत, मग गोवराने का नाही मागितलं कार्ड? उत्तर मिळाल्याशिवाय तिथून हलू नका. मला उत्तर पाहिजे.