माफीऐवजी माळ

२७ मार्च, सोमवार
ईस्टरला तीन आठवडे. वर्षभराचा अबोला यंदा मी मोठ्या मनाने मिटवणार आहे. गेल्या ईस्टरला टेबलावर लाल रंगवलेली उकडलेली अंडी एकमेकांवर आपटून लढवताना मेहुण्याने, विटोमिरने, सगळ्यांची अंडी फोडली आणि तो जिंकला. तुझं अंडं लाकडी आहे, असं मी चारचौघांत म्हणालो. त्याने ते तिथेच सोलून खाल्लं. ठीक आहे. पण संशय येईल असं वागायचं कशाला? तेव्हापासून तो इकडे फिरकलेला नाही. सासूबाई आमच्याकडेच असतात. शहाऐंशीच्या आहेत. त्यांना मुलगा एकदा या टेबलावर जेवताना बघायचाय.
देसांका म्हणते, फोन करा आणि चुकलं म्हणा. बायकोला सगळंच सोपं वाटतं. मी लाल लाकडी मण्यांची माळ करून पुढच्या खिडकीत लावणार. तो रोज कामावर जाताना बघेल. समजायचं ते समजेल.
ईस्टरपर्यंत राकिया बंद, दारूचा थेंबही नाही.

३१ मार्च
लाकूड कातणाऱ्याकडून मणी आणले. अंड्याच्या आकाराचे, अंड्याएवढेच. रस्त्यावरून दिसायला हवेत. भोकं उभी हवी होती, त्याने आडवी पाडली. मीच तसं सांगितलं होतं म्हणे. पाठ दुखते. उपासाचे दिवस, रोज बिनतेलाचा घेवडा. राकिया एक पेला, पाठीसाठी.
फोन उद्या.

४ एप्रिल
पुडीतला लाल रंग वापरला. मणी फिके गुलाबी, हात लालभडक. देसांका म्हणाली, शेजारी विचारतील, कुणाला मारून आलात. सासूबाई म्हणाल्या, एवढा लसूण कशाला आणला. या घरात कलेची कदर नाही.
फोन नाही. आज त्याला काम असणार.

१० एप्रिल, सोमवार
वीस मण्यांचा बेत होता, पाच ओवले. थकलो. आडव्या भोकांमुळे वेडेवाकडे लोंबतात. सकाळी पडद्याआडून बघितलं. विटोमिर गेला, मान वर केली नाही. संध्याकाळी पलीकडच्या फुटपाथने आला. देसांका म्हणाली, माळेला तोंड नाही, तुम्हाला आहे. तिला कळत नाही. रंग फिका पडला, एवढंच झालंय.

१४ एप्रिल, गुड फ्रायडे
देसांकाने कांद्याच्या सालांत अंडी उकळली. पहिलं अंडं नेहमीप्रमाणे घराच्या राखणीला देवाच्या तसबिरीपाशी ठेवलं. ती बाहेर गेल्यावर खिडकीतली माळ काढून तिचे मणी मी त्याच पाण्यात सोडले. तरंगत होते, वर ताटली ठेवली. रंग अप्रतिम. अंडं कुठलं, मणी कुठला, सांगता येत नाही. सगळ्यांवर तेलाचा हात फिरवला आणि एकाच टोपलीत सुकत ठेवले.

१५ एप्रिल
ओवायला बसलो तर टोपलीत चारच मणी सापडले. पाचवा बहुतेक रंगवलाच नव्हता. कंबर गेली, माळ राहिली.
देसांकाने विटोमिरला फोन केला. उद्या येतोय. म्हणजे माळेचा परिणाम झाला, जरा उशिरा.

१६ एप्रिल, ईस्टर
विटोमिर बायकोला घेऊन आला. सासूबाईंनी त्याला हाताला धरून माझ्याशेजारी बसवलं.
सगळ्यांनी टोपलीतून अंडी उचलली. माझं हलकं वाटलं. म्हटलं, लहान कोंबडीचं असेल. माझ्या अंड्याने देसांकाचं फोडलं, विटोमिरच्या बायकोचं फोडलं, सासूबाईंचंही. आयुष्यात मी पहिल्यांदाच जिंकत होतो. शेवटी विटोमिर. त्याचंही फुटलं.
बघू दाजी, म्हणत त्याने माझी मूठ हातात घेतली. माझं बोट सरकलं आणि आडवं भोक दिसलं. त्याला आणि मला, दोघांनाच.
आता तो सगळ्यांसमोर ओरडणार, असं वाटलं. मी ओरडलो होतो तसा. त्याने माझी बोटं एकेक करून मिटली आणि आईला सांगितलं, आई, यंदा दाजी जिंकले. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.
चुकलं म्हणायला मी तोंड उघडलं. तो हळूच म्हणाला, आत्ता नको दाजी, आईला जेवू द्या.
अख्खं जेवण मी डाव्या हाताने जेवलो. सासूबाईंनी विचारलं, जावईबापू मूठ का उघडत नाहीत. विटोमिर म्हणाला, आनंद झालाय त्यांना.