३७१ दिवसांचा ग्रह

४ फेब्रुवारी, मंगळवार
पेपर अर्काइव्हवर, म्हणजे शोधनिबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर चढला! मासिकाची तपासणी अजून व्हायचीय, पण तिथे आजपासून जगभरात कोणीही तो वाचू शकतं. म्हणजे चूक असली तर कोणीही पकडू शकतं.
पण ग्रह आहे. एका ताऱ्यासमोरून जाणारा, आधीपासून माहीत असलेला ग्रह कधी लवकर येतो, कधी उशिरा — दुसरा कोणीतरी त्याला ओढतोय. तो दुसरा माझा! ३७१ दिवसांत एक फेरी, आठवडाभर इकडेतिकडे. आपल्या वर्षाच्या एवढा जवळ? माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "योगायोग." या ग्रहाच्याच जोरावर जर्मनीत संशोधनाची जागा मिळालीय. आहे, आहे, आहे.

५ फेब्रुवारी
शेजारच्या सत्यवानकाकांनी आमच्या कट्टा गावच्या एसटी स्टँडवर माझ्या अभिनंदनाचा बॅनर लावला. फोटो बारावीचा! मागे शनी, कड्यांसकट. "कडी नसली तर ग्रह म्हणान कोण वळाकतलो गो?" रविवारी देवळात सत्कार. बाबा उगाचच स्टँडवर चहा प्यायला जातायत.

६ फेब्रुवारी
पेपरवर कोणी काही बोललं नाही. देवा, असंच राहू दे.

७ फेब्रुवारी
फोरमवर — अडलं की आम्ही सगळे खगोलवाले तिथेच विचारतो — माझ्या पेपरखाली कोणीतरी लिहिलंय. नाव नाही, घुबडाचं चित्र. "दोन्ही संग्रहांतल्या वेळा एकाच घड्याळाच्या आहेत ना?" एवढंच.
माझ्या वेळा दोन संग्रहांतून घेतल्यात. अवकाश दुर्बिणीच्या संग्रहात वेळा सूर्यावरून पाहिल्यासारख्या दुरुस्त केलेल्या असतात. हौशी निरीक्षक त्यांच्या संकेतस्थळावर टाकतात त्या इथल्या, पृथ्वीवरच्या घड्याळाच्या. आपण सूर्याभोवती फिरतो, म्हणून ताऱ्याचा प्रकाश आपल्याला कधी आठेक मिनिटं आधी मिळतो, कधी तेवढाच नंतर. दोन्ही जोडण्याआधी हा फरक काढायचा. ज्युनिअरांना हे मीच शिकवते! काढला असेलच. असेलच ना?
फाइल उघडली नाही. भीती वाटते.
आई म्हणाली, "तोंड असा कित्याक केलंस गो? दीष्ट लागली काय?" मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. खरं सांगते, बरं वाटलं.

८ फेब्रुवारी
घुबडाच्या प्रश्नाखाली आणखी तिघं — "आम्हालाही हेच विचारायचं होतं." सर फोनवर : "उत्तर टाक आणि मोकळी हो." फाइल उघडायचीच भीती वाटते, हे त्यांना कसं सांगू? जर्मनीहून व्हिसाच्या कागदांची मेल आलीय. तीही उघडली नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
सत्कार झाला. गुरवाने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं — "ह्या चेडवाचो ग्रह सुखरूप ठेव रे म्हाराजा!" सगळे, "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज बाबांचा. काका कानाशी : "तेजस्वी, तुझो ग्रह आमका खंय दिसतलो गो?" मला तिथे उभं राहवेना. घरी आले, साडीही बदलली नाही, थेट फाइल उघडली.
हौशी निरीक्षकांच्या वेळा जशाच्या तशा जोडल्यात. दुरुस्तीची ओळ लिहायची राहूनच गेली होती. आता लिहिली. प्रोग्रॅम चालतोय. बाहेर आई शेजाऱ्यांना पेढे वाटतेय.

१० फेब्रुवारी
वेळा सरळ झाल्या, ओढ संपली. पेपर मागे घेतला. कारण एका ओळीत लिहिलं : सापडलेला ग्रह पृथ्वी आहे.