न विचारलेल्या शंका

अप्पा,

तुम्हाला जाऊन चाळीस वर्षे होऊन गेली. तुम्ही माझे वडील नव्हेत, पण कलबुर्गीच्या कॉलेजात तुमच्या वर्गातले सगळेच तुम्हाला अप्पा म्हणत, म्हणून मीही तसेच लिहितो. आज सकाळी स्नान झाले, भस्म लावले, इष्टलिंगाची पूजा झाली. हात आपले काम करीत राहिले. मन त्यात नव्हते आणि दुसरीकडेही कुठे नव्हते. तेव्हा ही वही उघडली.

निवृत्तीनंतर बीदरच्या एका कॉलेजाने मागे पडलेल्या मुलांसाठी मला बोलावले. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एक टेबल, दोन बाक आणि भिंतीवर ‘अभ्यास साहाय्य केंद्र’ अशी पाटी. दुपारी दोन ते चार मी तिथे बसतो. येणारी बहुतेक मुले मराठी शाळांतून आलेली असतात. त्यांचे बाकी विषय सुटतात, कन्नडचा पेपर राहतो. ज्याला अडले त्याने विचारावे आणि मी सांगावे, ही रीत मीच घातली. न विचारणाऱ्याला विद्या सांगू नये, असे जुन्या ग्रंथांनी माझ्या मनावर बिंबवले होते. कुणी विचारीपर्यंत मी माझी पोथी वाचीत असे.

मन्नाएखेळ्ळीची एक मुलगी वर्षभर येत होती. बी.ए.चा हा एकच पेपर तिचा राहिला होता आणि यंदाची संधी शेवटची होती; या वेळी परीक्षेचा अर्ज गेला नाही तर सारे शिक्षण पदवीवाचून राहणार. ती येई, नमस्कार करी, समोरच्या बाकावर पुस्तक उघडून बसे आणि चार वाजता पुन्हा नमस्कार करून जाई. पुस्तकाचे पान बरेचदा कालचेच असे. ते मला दिसत होते. तिने एकही शंका विचारली नाही, मी एकही सोडवली नाही. हिला जिज्ञासा नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले. गेल्या महिन्यात तिचे येणे थांबले.

तिच्या रिकाम्या बाकाकडे पाहताना तुमचे स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आले. मी पाटावर बसलो आहे. तुमच्या पत्नी, आम्हा मुलांच्या अक्का, चुलीपुढे ज्वारीची भाकरी थापीत आहेत. तुम्ही माझी तर्कशास्त्राची वही उघडता. ती कोरी आहे.

“समजलं न्हाई व्हय रे?”

“समजलं, अप्पा.”

“मग लिव की.”

मी मान खाली घालतो. तुम्ही अक्कांकडे पाहून हसता. “खोटं बोलताना मान खाली घालायलंय. म्हंजे पोरगं चांगलं हाय. ह्याला अजून एक भाकर वाढ.” आणि मग पहिल्या पानापासून सुरू करता. त्या दिवशी मी काही विचारायला आलो नव्हतो. तुम्ही मला वर्गातून हाताला धरून आणले होते. पुढे आयुष्यभर मात्र मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो की मी विचारले म्हणून मला मिळाले. हे खोटे आहे, हे मला या महिन्यात कळले. कळून फार काही वाटले नाही.

शुक्रवारी मी कॉलेजातून तिच्यासाठी परीक्षेचा कोरा अर्ज घेतला, पिशवीत ठेवला आणि बसने मन्नाएखेळ्ळीला गेलो. मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. रस्त्याकडेला तिच्या आईचा भज्यांचा गाडा आहे. मुलगी पीठ कालवत होती. मला पाहून तशाच हातांनी उभी राहिली.

“सर, तुमी हिकडं कामून?”

वर्षभरात तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. “एका आप्ताकडे आलो होतो,” मी म्हणालो. इथे माझे कुणी आप्त नाहीत.

आईने चहा दिला. “हेच व्हय गं तुझे सर? काय शिकवायलेत म्हणून इचारलं, तर सर लई शांत हायत म्हणायची.”

“हायतच की,” मुलगी हसली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “तुमी कायम पोथी वाचायलाव, सर. मधीच कसं बोलावं?”

“आता हिला पुस्तक देऊ नगासा,” आई म्हणाली. “भजी बांधायला फाडील.”

दोघी हसल्या. मीही हसलो असेन. पिशवीत हात घातला, कागद बोटांना लागला. परीक्षेचे तिने काहीतरी विचारावे, एवढ्यासाठी मी थांबलो. तिने विचारले, “अजून चहा देऊ का?” मी दुसरा कपही प्यालो, नमस्कार घेतला आणि बस पकडली.

काल संध्याकाळी मुदत संपली. अर्ज पिशवीतच आहे. त्याला घडीसुद्धा पडलेली नाही. हे सारे तिला लिहायला हवे होते, हे मला ठाऊक आहे. पण ते पत्र तिच्या हाती पडले असते आणि तिने मला काहीतरी विचारले असते. तुम्ही आता काही विचारणार नाही, अप्पा. म्हणून तुम्हाला लिहिले.