न प्यायलेल्या दारूचा रंग

प्रिय ओर्ला,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू हे न वाचताच बाजूला टाकशील, ठाऊक आहे. आज तेवढं टाकू नकोस. भांडायला आता माझ्यात त्राण नाही, आणि रुसायलाही नाही.

तू माझ्या नातीला, फियाला, माझ्याकडे ठेवायचं बंद केलंस त्याला चार वर्षं झाली. हल्ली माझा अर्धा दिवस या तोंडावरच्या लालीपायी जातो. चहा कोमट करून प्यायचा. तुझी मावशी म्हणते, “याच्यापेक्षा दारू बरी गं बाई!” चुलीशी बसायचं नाही, वाऱ्यात तोंड उघडं टाकायचं नाही, आपल्या समुद्रकाठच्या बेलमलेटला वारा नसलेला एक दिवस दाखव मला. आभाळ भरलेलं असलं तरी उन्हाचं क्रीम लावायचं. कशाने गाल पेटले ते वहीत लिहायचं. दोन वेळा डॉक्टरांचं मलम, भडकलं की गोळ्या. रोझेशिया म्हणतात याला. जात नाही, आटोक्यात राहतो. कंटाळा मात्र आटोक्यात राहत नाही.

तुझे आजोबा दारूने गेले, म्हणून चर्चमधल्या कन्फर्मेशनच्या दिवशी, बाराव्या वर्षी, मी जन्मात न पिण्याची शपथ घेतली आणि दारू न पिणाऱ्या पायोनियरांच्या संघाची पिन कोटाला लावली. चाळीस वर्षं ती तिथेच होती. मग नाक लाल व्हायला लागलं. दुकानात भर रांगेत गल्ल्यावरून पॅकी ओरडला, “काय गं अट्रॅक्टा, पिन छातीवर आणि बाटली कपाटात का?” सगळे हसले, मीही हसले. घरी आले आणि पिन काढून ठेवली. माझ्यापायी पिनेला हसलेलं मला सोसेना, एवढंच. त्या रविवारी चर्चमध्ये तू माझ्या रिकाम्या कोटाकडे पाहिलंस, मग तोंडाकडे. विचारलं काहीच नाहीस, फियाला पाठवायचं तेवढं बंद केलंस. आणि पोटच्या पोरीला मी काय म्हणून पुरावा द्यायचा, म्हणून मीही गप्प बसले. तुझा राग आला होता. अजून येतो.

डॉक्टरही तेच समजतील या लाजेने मी दोन वर्षं गेले नाही. शेजारणीचं खाजेचं मलम चोळत राहिले, त्याने आणखी भडकलं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं तेव्हा कुठे गेले. उजव्या डोळ्यात तोवर हाच आजार उतरून डाग पडला होता. त्या डोळ्याने आता धूसरच दिसतं.

काल मावशीने फियाच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे फोटो दाखवले. पांढऱ्या झग्यात किती गोड दिसते गं! पण मी तुझ्याकडेच बघत राहिले. पावडरचा एवढा थर, तरी नाकाच्या दोन्ही बाजूंना तीच लाली. दोन फोटोंत तू डोळे चोळते आहेस. मी प्यायचे की नाही, तुला काय मानायचं ते मान. फियाला पाठव, असंही म्हणत नाही. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. घरात आणखी कुणाला आहे का, असं डॉक्टरबाई विचारतील. “आईला आहे,” म्हणून सांग.

तुझीच,
आई