आठ तारे

६ सप्टेंबर १९९९, सोमवार
कोपरीच्या ज्येष्ठ नागरिक संघात आजपासून माझा इंटरनेट वर्ग. संघाला कुणीतरी कॉम्प्युटर दिला, पण शिकवायला माणूस नको? मी बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत टायपिस्ट. कीबोर्ड तोच. विद्यार्थी दोन: कोलशेतच्या कारखान्यातून रिटायर झालेला काळुराम आणि बाजारात मासळी विकणारी मनुबाई. दिवाळीपर्यंत तयार करतो दोघांना. मग बोर्डावर नाव: संगणक मार्गदर्शक.

९ सप्टेंबर
सगळ्यांची ई-मेलची खाती उघडली. माझं निरीक्षण: पासवर्डच्या जागी काहीही टाइप करा, तारेच उमटतात. अर्थात पासवर्ड ताऱ्यांचाच असतो. प्रत्येकाला आठ तारे दिले. काळुराम म्हणाला, सगळ्यांच्या कुलपाला एकच किल्ली कशी? याला शिस्त म्हणतात, हे त्याला सांगितलं.

१६ सप्टेंबर
बहारीनला मुलाला, दौलतला, पहिलं ई-पत्र. मराठीच, इंग्रजी अक्षरांत. एकही चूक नाही. खाली 'ड्राफ्ट'चं बटणच दिलंय! करणाऱ्याने कचेरी पाहिलेली दिसते. दाबलं. टायपिस्टचं काम तिथे संपतं, पुढे डिस्पॅच.
मनुबाईचा मुलगा धाकू बोटीवर असतो. त्याला दोन ओळी लिहायला बाईला तास लागला. सारखं आपलं, मास्तर, यो बटन कनचा? कठीण आहे.

२३ सप्टेंबर
धाकूचं उत्तर आलं. मनुबाईने मला पापलेट आणलं. गुरुदक्षिणा. दौलतचं काही नाही. दुसरं पत्र लिहिलं.

७ ऑक्टोबर
पाच पत्रं झाली. उत्तर नाही. बायको, शेवंती, म्हणते, फोन करा. मी का करू? पाच पत्रांना ज्याने जुमानलं नाही त्याला बापाने फोन करायचा? खरं सांगायचं तर जेवण जात नाही.

१४ ऑक्टोबर
मनुबाई आता काळुरामला शिकवते. मी शिकवू दिलं. चांगल्या शिक्षकाने बाजूला व्हावं.
दौलतला सातवं पत्र, शेवटचं. त्यात वर्गाची हकिकतही लिहिली: काळुराम पेंगतो, मनुबाईला जन्मात जमणार नाही.

२१ ऑक्टोबर, दु. ४.३०
सत्यानाश. मनुबाई चुकून माझ्या खात्यात शिरली. आठ ताऱ्यांनी काय, कुणाचंही उघडतं. आत सातही पत्रं ड्राफ्टमध्ये पडून. एकही गेलेलं नाही! बाईने सातही पाठवून दिली. वर मला सांगते, मास्तर, तुमची पत्रा अरकली व्हती, मी धारली.
त्याआधी काळुरामने सातवं मोठ्याने वाचून दाखवलं होतं म्हणे. बाई नुसती हसली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

२५ ऑक्टोबर
दौलतचं उत्तर! लिहितो, बाबा, रोज बघत होतो, तुम्ही रागावलात असं वाटलं. दिवाळीला येतोय, विमानाची वेळ उद्या सकाळी कळवतो. ज्या बाईंना जन्मात जमणार नाही त्यांना माझा नमस्कार सांगा.
डोळ्यांत पाणी आलं. जुन्या स्क्रीनचा त्रास, दुसरं काय. नमस्कार सांगितला. माफीही मागितली, हळू आवाजात.
बोर्डावर मनुबाईचं नाव लागतंय. ती म्हणाली, आधी पासवर्ड बदला, कुनाला सांगू नका. बदलला. चांगला लांबलचक, कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही असा. विसरू नये म्हणून स्क्रीनवर पाहून इथे जसाच्या तसा उतरवून घेतला:
**************

२६ ऑक्टोबर, स. ११
संघात. विमानाची वेळ आली असणार. कॉम्प्युटर चालू केला. वही उघडली.

स. ११.२०
मनुबाई बाजारातून साडेबाराला सुटते. बसलोय.