नानचा ठसा

२ डिसेंबर
साबणाच्या तुकड्यांचा डबा उघडला. मेहरांगेज – माझी सून, मला ओया म्हणजे आईच म्हणते – म्हणाली, "ओया, टाका आता हा कचरा!" टाकू? उधळपट्टीचा जाब अल्लापुढे मला द्यायचाय, हिला नाही. माझ्या लेकाने, सुहरोबने, उन्हाळ्यापासून रशियातून काही पाठवलेलं नाही. पण थंडीत तिकडची बांधकामं थांबतात. तेव्हा येईलच घरी.

शेजारच्या जुलैखोने ती झाडते त्या हॉटेलातले अर्धवट साबणही आणून दिले.

५ डिसेंबर
सुनेने तुकडे किसले, वाफेवर वितळवले, थोडं दूध घातलं. चहाच्या पियाल्यांना तेल लावून तळाशी गुलाबाच्या सुक्या पाकळ्या, वर साबण. पालथे केले तर काय – रंगीत घुमट! जुलैखो म्हणाली, "अगं, हे अंगाला लावायचे की पाहुण्यांना वाढायचे?" बाजारात सगळे खपले.

६ डिसेंबर
आज तिने नानवर नक्षी टोचायचा ठसा उचलला. म्हणे, साबणावरही फूल उठेल. मी हिसकावून घेतला. "अन्नाचा ठसा! साबणाला! लाज कशी नाही वाटत!"

याच ठशाचा नान. रशियाला जाताना सुहरोबने एक घास तोडला, उरलेला रीतीप्रमाणे भिंतीवर टांगलाय. तो परत येऊन संपवील. तोवर कुणी हात लावायचा नाही.

१४ डिसेंबर
चूक झाली माझी. गाद्यांची चळत झटकताना रुमालात साबणाचा निळा पापुद्रा सापडला. बाकीच्या तुकड्यांत किसून टाकला. संध्याकाळी सून रिकामा रुमाल धरून उभी. "ओया, तो त्यांचा होता. निघाले त्या सकाळी याच साबणाने दाढी केली होती."

वड्यांमध्ये निळा कुठे दिसतो का, दोघी शोधत बसलो. कुठेच नाही. सगळ्यात मिसळला.

२९ डिसेंबर
जुलैखोचा जावई रशियातून आला. गल्लीतले तिकडे कामाला गेलेले सगळे आले. सुहरोबचं विचारलं, तर जावई बुटांची नाडी बांधत बसला.

९ जानेवारी
बर्फ. नमाज, चूल, साबण.

१७ जानेवारी
सुहरोबचा फोन! मी 'बाळा' म्हणायच्या आत – "ओया, मेहरांगेजला तीन तलाक. तू सांग तिला. तिच्या बापाला बोलव, घेऊन जाईल. मी इथे संसार मांडलाय."
"तिचं तिला तूच सांग."
"रडते ती. मला नाही झेपत."
झेपत नाही म्हणे!
फोन ठेवला. आतला किसणीचा आवाज केव्हाच थांबला होता.

१८ जानेवारी
पहाटेच्या नमाजानंतर भिंतीवरचा नान उतरवला. दगड झाला होता. भिजवून चिमण्यांना घातला.

मेहरांगेज गाठोडं बांधून दाराशी बसली होती. ठसा तिच्या हातात दिला. म्हटलं, "ऊठ, पोरी. साबण थिजायच्या आत फूल उठव."